पिंपळबावीचं दुसरं नाव

नाव : विश्राम धोंडीबा भोईर. वय : अठ्ठेचाळीस. हुद्दा : मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, मौजे खारवली, तालुका कल्याण (शिक्षकसंख्या एक, सबब मुख्याध्यापकही तेच). अपत्ये : निरंक.

ही माहिती ठाण्याच्या एका इतिहासप्रेमी मंडळाच्या दप्तरी आहे. १९५३ साली मंडळाला जुन्या गावांचे नकाशे काढण्याची हुक्की आली आणि खारवलीतल्या घरांची, बांधांची, पाणवठ्यांची नावं गोळा करायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडलं. नियम एकच : तीन तोंडांतून सारखं आलेलं नावच लिहायचं.

गुरुजी नियमाला कट्टर. पोपट पाटलाच्या घराला गाव 'बोंबल्याचं घर' म्हणे. पोपट तणतणत आला.

"आमच्या आज्यानं एकदा साप बघून बोंब मारली, गुरुजी! म्हणून काय नकाशात?"

"अरे, नावं काय मी ठेवतो? लोक म्हणतात ते लिहायचं."

"मग साप बी लिवा," म्हणत पोपट गेला.

शेवटी राहिली पिंपळाखालची बाव. म्हणजे विहीर. पाच वर्षांपूर्वी गुरुजींची एकुलती एक मुलगी मालन पाणी शेंदताना तिच्यात पडून बुडाली होती. ते काम गुरुजींनी टाळलं नाही, नुसतं लांबवलं.

गुरुजींनी गावातल्या दोघांना विचारलं. काळुराम म्हणाला, पिंपळबाव. सहदेव म्हणाला, पिंपळबाव. तेवढ्यात सहदेवची सून हंडा घेऊन आली. टिटवाळ्याकडची, यंदाच लग्न होऊन आलेली.

"कुठलं गं पाणी, पोरी?"

"मालनच्या बावीचं."

सहदेवला एकदम ठसका लागला. काळुरामनं टोपी काढून उगाच झटकली.

पाच वर्षं अख्खं गाव, गुरुजी दिसले की, त्या विहिरीचं नाव बदलत होतं. ज्या पोरांना बाराचा पाढा कधी धड आला नाही, तीसुद्धा यात एकदाही चुकली नव्हती.

संध्याकाळी पोपट ओटीवर येऊन बसला. "पिंपळबाव लिवा, गुरुजी. तिसरं तोंड माझं."

"घरी तू काय म्हणतोस, पाणी कुठल्या बावीचं?"

पोपट पायानं चपला शोधायला लागला.

आत तांदूळ निवडणाऱ्या गुरुजींच्या पत्नी रंगूबाई म्हणाल्या, "मालनची बाव. माझं तोंड धरा. बायांत बसून पाच वर्सं ऐकत्ये मी. त्या मंडळाच्या कागदावर आपल्याला पोर नाय. नकाशात तरी असू द्या तिला."

"दोनच तोंडं झाली," गुरुजी म्हणाले. "तुझं आणि त्या पोरीचं."

"तिसरं तुमचं. ती गेल्यापासून ह्या घरात तिचं नाव काढलं नाय तुमी."

गुरुजींनी तोंड उघडलं. मग त्यांनी नाव घेतलं, वर्गात हजेरी घेतात तसं, आणि लिहून टाकलं. पोपट तोवर उठून अंगणात गेला होता.

पुढल्या वर्षी नकाशा छापून आला. मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक नावाखाली टीप होती. 'मालनची बाव. नावाची उत्पत्ती : माहिती उपलब्ध नाही.'

माहिती एवढीच होती : मालनला पोहता येत नव्हतं.