वहिनीनं सांगितलं तसं

वडील महिनाभरात तीनदा पडले. गावाहून, पिशोरहून, ते माझ्याकडं शहरात पुंडलिकनगरला राहायला आले होते; काळजी घ्यायला थोरली वहिनी सोबत होती. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, शेतात राबणारी. मी सरकारी कचेरीत अहवाल लिहिणारा. त्यामुळं दवाखान्यात बोलायचं काम माझ्याकडं आलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पडले तेव्हा नेमकं काय घडलं?"

मी फाईल उघडली. रक्तदाब सांगितला, साखर सांगितली, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मध्येच बदललेली गोळी. मग म्हणालो, अशक्तपणा असेल. पुन्हा मागं गेलो, दुसऱ्या वेळचं पहिल्यात मिसळलं. आपण गोल फिरतोय हे कळत होतं आणि कळेल तसा बोलण्याचा वेग वाढत होता. डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या लिहायला पेन उचललं.

"साहेब, मी सांगू का? मी व्हते तिथं," दारापाशी उभी असलेली वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली.

"पहिल्यांदा पडले तवा दाढी करीत होते. गाल झाले, हनुवटी वर केली, गळ्यावर वस्तरा लावला, अन् हातातून वस्तरा सुटला. मग खाली. थोड्या वेळानं आपले आपण उठले, मलाच विचारतात, काय झालं? दुसऱ्यांदा पडले तवा एका लग्नाला निघालो होतो. सदऱ्याचं वरचं बटन लई घट्ट. ते लावलं, कुणी हाक मारली म्हणून मान वळवली, अन् तसंच. तिसऱ्यांदा परत दाढीच. तिन्ही टायमाला पोटात अन्न होतं, उन्हात नव्हते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वडिलांना झोपवून, छातीला ईसीजीच्या तारा लावून गळ्याची एक बाजू हलकेच दाबली. यंत्रावरची रेघ काही क्षण सपाट झाली.

"गळ्यावर दाब आला की यांचं हृदय थबकतंय," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पेसमेकर बसला. वडील पुन्हा पडले नाहीत. मी निर्धास्त व्हायला हवं होतं, पण मला बसवत नव्हतं. दाढीच्या दोन्ही वेळी मीही घरातच होतो. मग मी काय पाहिलं होतं? 'वडील पडले' एवढंच. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.

वहिनीला विचारलं, "तुम्हाला एवढं कसं लक्षात राहतं?"

"राहतं सगळ्यांच्याच, भाऊजी. सांगायची सवय नसती." ती नऊ वर्षांची असताना तिच्या आईची दृष्टी गेली. "बाजारातून आले की तिला सगळं सांगायचं. मधलं सोडलं की म्हणायची, आत्ता तर तू बांगडीवाल्यापाशी होतीस, घरी कशी आलीस? मला चालव की तिथून. मग परत पहिल्यापासून. रडायचे मी."

वहिनी पिशोरला परतल्यावर मी दर रविवारी सकाळी तिला फोन करून आठवड्यातली एक गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा म्हणालो, कचेरीत भांडण झालं. ती म्हणाली, "कोण कुठं बसलं होतं? आधी कोण बोललं?" मी म्हणालो, तेवढं बघितलंच नाही. फोन ठेवून मी गच्चीत येरझाऱ्या घातल्या.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझ्या लेकीबद्दल सांगत होतो. ती आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. उलट बोलली, ताट सरकवून उठली, असं मी बायकोला, भावाला, सगळ्यांना सांगून झालं होतं. वहिनीला मात्र क्रमानं सांगावं लागलं. मी कचेरीतून आलो, चपला काढल्या, ती ताटावर बसली होती, तिनं परीक्षेचा निकाल दाखवायला मोबाईल पुढं केला, आणि मी...

"मग?" वहिनी म्हणाली.

"मी न बघताच म्हणालो, आधी जेव गुपचूप."

फोन ठेवून मी लेकीच्या खोलीत गेलो. "तू निकाल दाखवत होतीस. मी बघितला नाही," म्हणालो. तिनं वर पाहिलं नाही, पण पायाशी पसरलेली पुस्तकं सरकवून पलंगावर जागा केली. मी बसलो, आणि तिनं मोबाईल माझ्या हातात दिला.