थंडोबांची गरम गाडी

शीतगृहात काम करणाऱ्या माणसाला उष्णतेचं वावडं असायचंच, पण थंडोबांना ते अंमळ जास्तच होतं. उभं आयुष्य त्यांनी शीतगृहाची यंत्रं सांभाळण्यात घातलं. तापमान जरा वर सरकलं की हातातला घास टाकून उठायचे. हे नाव त्यांना तिथल्याच हमालांनी चिकटवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते शोभतही होतं. आवाज चढवणं नाही, घाई नाही. चहासुद्धा पार निवल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत.

अशा माणसाची मुलगी निघाली गाड्या पळवणारी. एका गॅरेजात ती गाड्यांच्या कॉम्प्युटरची कामं करायची, आणि फावल्या वेळात तिने स्वतःच्या जुन्या गाडीला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, ताकद जास्त, आणि उष्णताही जास्त. हा शेवटचा शब्द कानावर पडला मात्र, थंडोबा बाह्या सरसावून पुढे आले.

"इंजिन तू बघ," ते म्हणाले. "पाण्याचं मी बघतो."

आणि बघितलं की त्यांनी! दुप्पट जाडीचा रेडिएटर लावला, दोन पंखे चढवले. वर थर्मोस्टॅटच काढून टाकला. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती एवढीशी झडप त्यांना उगाच मध्ये कडमडल्यासारखी वाटली. आता डिजिटल मीटरवरचा आकडा बासष्ट अंशांच्या वर जाईना. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ते कौतुकाने सांगायचे, "बॉनेटला हात लावून बघा."

बॉनेट गार होतं, तशी गाडीही गारच पडली होती. पेट्रोल ढोसायची आणि चढ आला की मान टाकायची. एकदा तर घाटात भरल्या बसने तिला मागे टाकलं आणि मुलीचं तोंड एवढंसं झालं. पुढच्याच रविवारी त्याच घाटात एका रेसिंग संघाची चाचणी होती. संघाला एकच नवा चालक हवा होता, आणि तो आपण व्हावं एवढंच तिने कित्येक वर्षं मनात धरलं होतं.

तिने लॅपटॉप जोडला आणि तिला कारण कळलं. बापाला शेजारी बसवून ती म्हणाली, "बाबा, इंजिनाला वाटतंय आपण आत्ताच झोपेतून उठलोय. बासष्ट म्हणजे त्याच्या हिशोबाने थंडच. म्हणून कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल ओततो आणि टर्बोला पूर्ण जोर लावूच देत नाही. तेलही नीट पातळ होत नाही, आतले भाग झिजतात ते वेगळंच."

"मग किती पाहिजे?"

"एरवी नव्वदच्या आसपास. चढावर दाबली की शंभर. एकशे पाचही चालेल."

"शंभरला पाणी उकळतं."

"उघड्या पातेल्यात. इथे झाकण बंद, आत दाब, आणि पाण्यात उकळी लांबवणारं कूलंट. तुम्हाला का हे सांगायला पाहिजे?"

नकोच होतं. दाब वाढला की द्रव उशिरा उकळतो, या नियमावरच तर थंडोबांचं घर चाललं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पचनी पडणं वेगळं. मग मुलीने ठेवणीतलं काढलं.

"बाबा, तुम्ही बटाटे उणे वीसला ठेवता का?"

बटाटे गोठले की काळे पडतात, आणि एका नवख्या कामगाराने तो पराक्रम केला तेव्हा त्याला फैलावर घेणारे थंडोबाच. शीतगृह म्हणजे नुसती थंडी नव्हे, मालाला मानवेल ते तापमान, असं त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने थर्मोस्टॅट परत बसवला. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा होता.

चाचणीत चालकाशेजारी एक माणूस बसणार होता. त्याने मीटर वाचायचे, आणि गाडी धोक्यात दिसली तर 'थांब' म्हणायचं. तो शब्द उच्चारला की चाचणी तिथेच संपली. मुलीने बापाचं नाव दिलं.

"ह्यांना बसवतेस?" आईने कपाळाला हात लावला. "पंचाहत्तरलाच थांब म्हणतील."

"यंत्राला खरंच त्रास होतोय की नाही, ते बाबांइतकं कोणाला कळतं?" मुलगी म्हणाली. थंडोबांनी ते ऐकलं. त्यांना फार बरं वाटलं, आणि तितकीच धास्तीही वाटली.

घाटाच्या पायथ्याशी आकडा एकोणनव्वद होता. पहिल्या वळणांवर चौऱ्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव. शंभर झालं तसे थंडोबा मीटरकडे आणखी झुकले. एकशे दोनला 'थांब' अगदी ओठांवर आला. तो त्यांनी गिळला आणि आकडा कसा हलतोय ते पाहू लागले. छोटा सपाट रस्ता लागला, वारा भरभरून आत शिरला, आणि आकडा उतरला. सत्त्याण्णव. शीतगृहाचं दार उघडून माल भरताना तापमान चढतं, दार लावलं की जागेवर येतं. हेही तसंच येत होतं. पुढच्या चढावर ते पुन्हा वर गेलं.

"किती?" मुलीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"एकशे चार. दाब तू."

तिने दाबली. गाडी अशी उसळली की थंडोबांची पाठ सीटला चिकटली.

माथ्यावर संघप्रमुख बाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि मुलीला सोमवारपासून यायला सांगितलं. मग मीटरची नोंद चाळत त्या थंडोबांकडे वळल्या. "एकशे पाचपर्यंत गेली होती. बरेच जण इथे घाबरून थांबवतात. तुम्ही नाही घाबरलात?"

"घाबरलो ना," थंडोबा म्हणाले. "पण ते मी घाबरलो होतो. गाडी ठीक होती."