बुखाऱ्यातली काठोकाठ पियाली

काल इथे आखातात, खलिफा सिटीतल्या घरी मुलीने ग्रीन टी केला आणि त्या वासासरशी मी थेट बुखाऱ्यात पोचलो. एका ईदच्या सुट्टीत बाबांना तिथे नेलं होतं. ते भूगोलाचे मास्तर. व्यापारी तांड्यांची ही पेठ त्यांनी जन्मभर फळ्यावर काढली. लाखभर उंट तरी त्यांच्या खडूखालून गेले असतील.

तिथल्या एका म्हाताऱ्या गालिचेवाल्याने आम्हाला चहाला बसवलं. मोडक्या हिंदीत जुन्या सराईच्या गोष्टी सांगत तो पियालीत दोनच घोट ओतायचा. मला ही कंजुषी वाटली. मी गरजलो, "चाचा, फुल भरो!" तो थबकला, मग त्याने पियाली काठोकाठ भरली. बाबा लगेच उठले आणि हात जोडून निघाले.

बाहेर येऊन म्हणाले, "अरे गाढवा, थोडा ओततात तो पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. भरून दिला की पाहुण्याने उठायचं असतं. मला अजून ऐकायचं होतं रे."

परतल्यावर मी मित्रांना ठोकून दिलं, "म्हाताऱ्याने सहा तास सोडलंच नाही आम्हाला!"

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "सात."

तेव्हा मी हसून टाळी दिली. तो जास्तीचा तास त्यांना खरोखरच हवा होता, हे आता कळतं.