भुजंग मिस्तरी आणि ऑक्सिजनची टाकी

टेंभुर्णीच्या भुजंग म्हस्क्यांना गावात कुणी भुजंगराव म्हणत नसे, मिस्तरीच म्हणत. जालन्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं त्यांनी दाबाच्या टाक्या जोडल्या होत्या. हवेच्या, वाफेच्या, तेलाच्या. जोडाचं काम झालं की त्यावर ते आपला सतरा नंबरचा ठसा मारत, आणि एकदा ठसा मारला की त्या जोडाचं जे होईल ते आपलं, असं मानत. कारखाना सुटल्यावर गावी आले, सोयाबीन-कपाशीत रमले. तरी कुणाच्या दारात लोखंडी गेट दिसलं की आधी त्यांचं बोट वेल्डिंगवरून फिरायचं आणि मग घरधन्याला रामराम व्हायचा.

त्यांचा राग गावाला माहीत होता. तो कुठून आला हे थोड्यांनाच माहीत होतं.

टाकी तयार झाली की ती पाण्याने गच्च भरायची आणि पंपाने दीडपट दाब चढवायचा, अशी रीत असते. जोड कच्चा असला तर पाण्याची पिचकारी उडते आणि दाब जागच्या जागी उतरतो. तीच टाकी हवेने तपासली तर बॉम्बसारखी फुटते. हे मालकालाही ठाऊक होतं. पण एकदा ट्रक दारात उभा होता, पाणी भरायला दुपार गेली असती, म्हणून तो म्हणाला, हवेनेच बघा. झाकण उडालं आणि मिस्तरींच्या शेजारी काम करणाऱ्या राजानंदच्या मांड्यांवर आदळलं. मिस्तरींनीच त्याला उचलून गाडीत घातलं. राजानंद पुन्हा कधी चालला नाही. आणि चौकशीत मालकाने लिहून दिलं की कामगार चुकीच्या जागी उभा होता.

चुकीच्या जागी! ते वाक्य आठवलं की साठी उलटलेल्या मिस्तरींची कानशिलं आजही तापत.

त्यांची बायको साळूबाई. तिला दहा वर्षांपासून साखर. गेल्या हिवाळ्यात रानात तिच्या पायात तुरीचा खुंट गेला. अंगठ्याखालची जखम चार महिने झाले तरी भरेना. जाफराबादच्या डॉक्टरांनी जालन्याला पाठवलं, आणि तिथल्या एका खाजगी दवाखान्याचे डॉक्टर स्वानंद यांनी पाय पाहून सांगितलं, "ऑक्सिजन थेरपी घ्यावी लागेल, आजी. दाबाच्या खोलीत बसून मास्कने शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. वीस बैठका. जखमेपर्यंत प्राणवायू पोचला की मांस भरून येतं."

उपचार खरा होता, गुणाचा होता. मिस्तरींनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं जालन्याला आले.

ती खोली तळघरात होती. खोली कसली, आडवी ठेवलेली लोखंडी टाकीच. सहा खुर्च्या मावतील एवढी, पांढऱ्या रंगाने चकचकीत केलेली, बाजूला गोल खिडक्या, पुढे जाड दार. बाकावर चार पेशंट आपल्या पाळीची वाट बघत होते. साळूबाई त्यांच्यात जाऊन बसली. मिस्तरी बसले नाहीत. ते टाकीभोवती फिरू लागले.

पहिल्यांदा त्यांनी नावाची पट्टी शोधली. दाबाच्या भांड्यावर ती असतेच: कुणी बनवलं, किती दाबाला, पाण्याची परीक्षा कधी झाली. पट्टी नव्हती. चार स्क्रूंची भोकं होती, लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी भरून वर रंग मारलेली. मग त्यांचं बोट खिडकीच्या कड्यावर गेलं. जोड गंजाने खाल्लेला होता, त्यात लांबी चोपडून घासून काढली होती. खिडकीच्या जाड प्लास्टिकवर केसासारख्या बारीक चिरा उतरल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. दाब फार चढला तर आपोआप उघडावा म्हणून जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडावर कुणीतरी टोपण आवळून बसवलं होतं.

"बाई," त्यांनी मशीनवरच्या बाईला हाक मारली. मीना तिचं नाव, चाळिशीची, धावडा गावची. "हे टोपण कोणी लावलं?"

"फुसफुस आवाज करायचा तो. पेशंट घाबरायचे. मंग सरांनी लावायला लावलं."

"मास्कमधून गळलेला ऑक्सिजन आत किती साचला, ते सांगणारं मीटर?"

"दिवाळीपासून बंद आहे."

"आन् आतली हवा बाहेर सोडायचा पाइप?"

मीनाने कोपऱ्याकडे बोट केलं. पाइप त्याच तळघरात, फायलींच्या खोक्यांमागे संपला होता. मिस्तरींनी दारातून आत डोकं घातलं. छताला पंखा! घरातला असतो तसला साधा पंखा, उघड्या वायरीवर लोंबता. आग लागली तर आतून पाणी उडवायची सोय म्हणाल तर साधी तोटीसुद्धा नव्हती.

गॅसने लोखंड कापणाऱ्याला ऑक्सिजन काय चीज आहे हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या सिलिंडरच्या तोंडाला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, नाहीतर भडका उडतो, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. मिस्तरींनी वळून बाकाकडे बघितलं. उषाबाई नावाच्या एक बाई नायलॉनची साडी नेसून, केसांना चपचपीत तेल लावून, हातातल्या मोबाइलवर नातवंडाचा फोटो बघत आत शिरायच्या बेतात होत्या.

"थांबा!" मिस्तरी एवढ्या मोठ्याने ओरडले की वरच्या मजल्यावरून वॉर्डबॉय धावत आला. "कोणी आत जायचं न्हाई. बिलकुल न्हाई!"

डॉक्टर स्वानंद खाली आले. माणूस मवाळ बोलणारा. "काका, काय झालं? तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात, तुमची काळजी मी समजू शकतो. पण ही मेडिकल इक्विपमेंट आहे. वेल्डिंगच्या दुकानातली टाकी नाही."

"टाकीच आहे, साहेब. खिडकी फोडून, लांबी भरून तिला पांढरा रंग दिला म्हणून ती मेडिकल झाली का? या दारावर आतून पंधरा-वीस टनांचा जोर येतो. माहीत आहे का तुम्हाला? आन् आत ठिणगी पडली तर दार उघडायच्या आधी दाब उतरवावा लागतो. तेवढ्या वेळात आतल्यांचं काय होतं, सांगू का यांच्यासमोर?"

"तीन वर्षांत काहीही झालेलं नाही."

"म्हणजे व्हायची वाट बघून राह्यले तुम्ही?"

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. मिस्तरींना सर्वांत जास्त संताप त्याचाच आला. "पटत नसेल तर घेऊ नका उपचार. इतरांना घाबरवू नका."

आणि इतर घाबरले नाहीतच. उषाबाईच कडाडल्या, "मला गुण येऊन राह्यला, भाऊ. तुम्ही कशाला खोडा घालता? तुमच्या बाईला न्या घरी!" त्या मोबाइल घेऊनच आत शिरल्या. मीनाने मान खाली घालून दार लावलं. मिस्तरींनी साळूबाईचा दंड धरला आणि जिना चढून वर आले.

बस देऊळगाव राजाला थांबली. साळूबाई म्हणाली, "पाय माझा आहे. मला इचारायचं तरी."

मिस्तरींनी तिच्या पायाखाली आपली पिशवी सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अर्ज लिहायला घेतले. प्रत्येक दोष आकृती काढून, वहीच्या कागदावर. एका कचेरीच्या खिडकीवर सांगितलं, हा बॉयलर नाही, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे सांगितलं, आम्ही दवाखाना बघतो, मशीन बघत नाही. तिसरीकडचा माणूस हसून म्हणाला, "सिलिंडर असता तर अर्ज घेतला असता." म्हणजे सहा माणसं कोंडून दाब चढवायचं भांडं, आणि ते कुणाचंच नाही! शेतातल्या फवारणीच्या पंपाला तरी गॅरंटी कार्ड असतं, मिस्तरी म्हणत.

यात तीन आठवडे गेले. साळूबाईला त्यांनी संभाजीनगरच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली खोली तळमजल्यावर, नावाची पट्टी दारावर, सोडायचा पाइप गच्चीच्याही वर नेलेला. तिथल्या नर्सने साळूबाईचे केस धुवायला लावले, अंगावर सुती गाऊन दिला, मंगळसूत्र, जोडवी, चष्मा, सगळं काढून घेतलं, खिसे नसतानाही चाचपले. साळूबाई पुटपुटली, "सासरी जातानाबी एवढं बघितलं न्हव्तं कोणी." मिस्तरी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. पण उशीर झाला होता. जखम भरली, मात्र अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

बोटं काढली त्या दिवशी मिस्तरी इस्पितळाच्या पायरीवर बसून होते. आपण बरोबर होतो, यात त्यांना शंका नव्हती. पण बरोबर असण्याचा खर्च साळूने भरला होता. जवळ एकच टाकी आणि तीही सडकी, म्हणून तिची बोटं गेली. हा हिशेब कुठल्या अर्जात लिहायचा?

मग मीनाचा फोन आला; साळूबाईच्या केसपेपरवरून तिने नंबर काढला होता. "काका, आज मी मशीन लावलं न्हाई. खिडकीची एक चीर आरपार लांबली. किल्ली काढली आन् सरांच्या टेबलावर ठेवून लिहून दिलं, मी दाब चढवणार न्हाई. तुम्ही त्या दिवशी बोलले ते मी तीन महिन्यांपासून मनात बोलून राह्यले होते. नोकरी गेली माझी."

मीनाच्या त्या कागदाची नक्कल आणि मिस्तरींचे अर्ज एकत्र करून कलेक्टर कचेरीत दिले तेव्हा कुठे तपासणीला माणसं आली. कागद मागितले तर निघाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, यंत्र मजबूत आहे, हवं तर हवा भरून दाखवतो.

"हवा न्हाई," कोपऱ्यात उभे असलेले मिस्तरी म्हणाले. "पाणी."

आलेल्या इंजिनिअरने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि मान हलवली. खुर्च्या काढल्या, पंखा उतरवला, टाकी पाण्याने भरली. हातपंपाने दाब चढू लागला. रोज पेशंट ज्या दाबाला बसत त्याच्यापुढे काटा जेमतेम सरकला असेल, तोच खिडकीच्या कड्याशी लांबी फुगली, टक् असा आवाज झाला आणि पाण्याची धार थेट समोरच्या बाकावर आदळली. पेशंट पाळीची वाट बघत बसायचे त्या बाकावर. पाणी होतं म्हणून नुसती फरशी भिजली.

डॉक्टर स्वानंद ओल्या बुटांनी जिना चढून गेले.

आठवड्याने स्थानिक पेपरात चार ओळी आल्या: आधुनिकीकरणासाठी दवाखान्याने जुनं यंत्र स्वतःहून बंद केलं. स्वतःहून! मिस्तरींनी पेपर चुरगाळला, पुन्हा सरळ केला आणि तडक जालना गाठलं. टाकी अंगणात काढून ठेवली होती आणि ती न्यायला परजिल्ह्यातून कुणीतरी येणार होतं. भंगारवाला नव्हे, दुसरा दवाखानावाला.

मिस्तरींनी त्या इंजिनिअरला फोन लावून एवढंच विचारलं, "साहेब, ही नापास झालेली टाकी कापायचा हुकूम देता का, का मी न्यायला येणाऱ्या ट्रकपुढे आडवा पडू?"

हुकूम संध्याकाळी आला. सकाळी मिस्तरी गॅस कटर घेऊन हजर होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मीना नळी धरायला आली होती. आधी त्यांनी खिडक्यांची कडी कापली, मग दाराचं बिजागर, मग अख्खं पिंप मधून उभं, दोन फाकांत. पांढऱ्या रंगाखालून जुना हिरवा रंग निघाला, त्याच्याखाली गंज. ही टाकी मुळात कशाची होती ते देवच जाणे. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

गावी परतले तेव्हा साळूबाई ओसरीवर शेंगा फोडत होती.

"झालं का?" तिने विचारलं.

"या एकीचं झालं," मिस्तरी म्हणाले.

ते हातपाय धुऊन बसले आणि वही ओढली. आसपासच्या जिल्ह्यांत अशा किती खोल्या आहेत, कुणी बनवल्या, पाण्याने कधी तपासल्या, याची यादी लोकांसाठी प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लावा, असा अर्ज त्यांनी त्या दिवशी लिहिला. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नवा अर्ज टाकतात. पोस्टातला माणूस आता पत्ता विचारत नाही.