हँडल कुणी गंजवलं?

मंडळी, आज आमच्या घरी गंजाचा गुन्हेगार सापडला!

बाबांची जुनी मोटरसायकल कित्येक वर्षं मागच्या पडवीत उभी आहे. बाबा इथल्या, झाशीच्या रेल्वे लोको शेडमधले रिटायर्ड फिटर. गाडी ठेवताना त्यांनी सगळ्या क्रोमवर जाड ग्रीस फासलं होतं. सकाळी मी रॉकेलच्या फडक्याने ते पुसलं, तर आतून आरशासारखा सायलेन्सर निघाला!

हँडल मात्र पार गंजलेलं. तिथे ग्रीसचा पत्ताच नव्हता.

बाबा म्हणाले, "झाँसी की हवा ही ऐसी है."

"हवा फक्त हँडललाच लागते का?" मी विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई उसळलीच. "हो, पुसलं मी ते चिकट! हँडलवर वाळत घातलेल्या कपड्यांना डाग पडायचे. वाळत घालायला दोरी बांधून द्या म्हणून किती वर्षं सांगतेय, अहो!"

बाबांनी पडवीत दोरी बांधली. मी दुपारभर हँडल घासलं. थोडे डाग राहिले, पण चमकलं.

संध्याकाळी पडवीत गेले. दोरीवर आईच्या साड्या छान वाळत होत्या. आणि माझ्या चमकत्या हँडलवर बाबांचा ओला पंचा!

आता तुम्हीच सांगा, गुन्हेगार कोण?