नारळाची जागा

मला लोक मिस्त्री म्हणतात आणि त्याला सर म्हणतात. आम्ही दोघं परळीत एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलो, एकाच डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली. पुढं तो दोन वर्षं हैदराबादेत राहिला, येताना लॅपटॉप घेऊन आला आणि सर झाला. मी जिल्हा सोडला नाही म्हणून मिस्त्रीच राहिलो. आजही हे आठवलं की पोटात दुखतं, लपवून काय करू?

आम्ही जुन्या पोकलेन दुरुस्त करतो. नव्या मशिनी कंपनीची माणसं बघतात. तीन-चार मालकांनी पिळून काढलेल्या आमच्या वाट्याला येतात. पूर्वी बिघाड डोळ्यांना दिसायचा. तेल गळायचं, पाइप फुटायचा. आता मशिनीच्या पोटात लहान-लहान संगणक बसवलेत आणि ते एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून आपसात बोलतात. ते बोलणं तुटलं की केबिनमधल्या पडद्यावर लाल खूण येते, इंजीन रेस घेत नाही आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी बसतं.

पाटोद्याकडच्या एका मालकाने अशी एक जुनी मशीन परराज्यातून आणली, तेव्हा पारखायला मला नेलं होतं. सरांना नाही, मला. मशीन ट्रेलरवरून उतरली, हार-फुलं झाली आणि मालकाने नारळ माझ्या हातात दिला.

"मिस्त्री, तुमी निवडलीय, तुमीच फोडा."

नारळाचा मान आमच्याकडे लहान नसतो, त्यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोला चालतो. लोक खाली दगडावर फोडतात, नाहीतर बकेटच्या दातावर. मी मुद्दाम मशीन जिच्यावर चालते त्या लोखंडी चेनीवर चढलो आणि केबिनच्या दाराखालच्या लोखंडी कडेवर नारळ आपटला. सगळ्यांना दिसावं म्हणून. खरं सांगायचं तर गर्दीत सरही उभा होता, त्याला दिसावं म्हणून.

काही महिन्यांनी तीच मशीन एका शेततळ्याच्या खड्ड्यात बसली. लाल खूण. चालू केली की दहा मिनिटं बरी चालायची, मग पुन्हा मुकी. मी दोन दिवस घातले. बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, सगळ्या अर्थिंग घासून पुसून बसवल्या. शेवटी सांगून टाकलं, "कंट्रोलर गेलाय. नवा टाकावा लागंल."  तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर सरांची मोटारसायकल दिसली. मालकाने मला न विचारता बोलावलेला! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काय बे, लई तरास देऊ लागली का?" त्याने विचारलं.

"बघ की तूच. सर हायस ना."

तो हसला. माझं बोलणं त्याला कधी लागत नाही, हेही मला सहन होत नाही.

वाटलं, आता लॅपटॉप उघडेल आणि चार रंगीत रेघा दाखवून मालकाला भुलवील. त्याने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. मशिनीभोवती एक चक्कर मारली आणि चेनीपाशी उकिडवा बसला. मुंग्यांची एक रांग चेनीवरून वर चढून दाराखालच्या फटीत शिरत होती. त्या मुंग्या मी दोन दिवस बघत होतो. चावल्या म्हणून एकदा शिवी हासडून झटकल्याही होत्या.

मग त्याने बॅटरी सोडवून मीटर लावला. त्या दोन तारा शेवटपर्यंत धड असल्या की मीटर साठ ओहम दाखवतो, मधे कुठं सुटल्या की एकशेवीस. मीही मोजलं होतं. साठ आलं होतं, म्हणून मीटर ठेवून दिला होता. त्याने मीटर लावूनच ठेवला आणि दुसऱ्या हाताने तारांचा जुडगा हळूहळू हलवत गेला. साठ. साठ. फटीपाशी आल्यावर एकशेवीस.

तिथला पत्रा त्याने काढला. खाली तारांचा जोड होता. त्याचं रबरी झाकण आधीच्या कुणा मालकाच्या काळातच हरवलेलं. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, भोवती चिकट काळा मळ, आणि त्या मळात नखाएवढा खोबऱ्याचा तुकडा. त्याने तो उचलला. माझ्याकडे बघितलं. मूठ मिटली.

"सर, काय निघालं?" मालकाने बांधावरून विचारलं.

"पाणी गेलंय. धुताना गेलं असंल. धुणाऱ्याला म्हणावं, केबिनखाली फवारा मारू नको." आणि मूठ खिशात गेली.

मी त्याचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी जळून कोळसा झालो. शिकलेला तो, सर तो, आणि वर मोठ्या मनाचाही तोच? मग देवाने माझ्यासाठी काय ठेवलं? दुपारपर्यंत त्याने नवा जोड बसवला, मशीन घुमली, लाल खूण गेली. त्याचे उपकार घेऊन घरी जाणं मला जमेना. मी मालकाला बोलून बसलो, "धुतल्यानं न्हाई झालं. नारळाचं पाणी हाय ते. मीच फोडलता तिथं."

यात खरेपणा काही नव्हता, मला फक्त त्याचं देणं नको होतं.

मालक खदखदून हसला. "तुमी एकदाच फोडलता, मिस्त्री. मी दर अवसेला तिथंच फोडतो की! तुमी धरलेली जागा म्हणून." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पर खरं बोलायला छाती लागती." त्या शाबासकीवर माझा हक्क नव्हता, आणि हे आणखी एकाला ठाऊक होतं. तो हात पुसत उभा होता.

मशीन सुरू झाली म्हणून नवा नारळ आला. मालक तो घेऊन सरांकडे वळला, वळायलाच हवं होतं. तो एक पाऊल मागं सरला.

"त्यालाच द्या. आता जागा बदलंल तो."

सगळे हसले. मीही हसलो. मशिनीपासून दहा पावलं लांब जाऊन मी दगडावर नारळ फोडला. पाणी मातीत मुरलं.

आजही तो मालक आधी मलाच बोलावतो, नारळ माझ्याच हातात देतो. मान गेला नाही. पण पूर्वी तो माझा होता, आता सरांनी दिलेला आहे.