परतूर स्टेशनवरची सोबत

जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात मी केमिस्ट आहे. भट्टीत भंगार वितळतं, त्यातला थोडा रस साच्यात ओतून त्याची वडी करतात आणि ती वडी माझ्याकडे येते. मी ती घासून यंत्रावर ठेवते, यंत्र ठिणगी पाडतं आणि कार्बन किती, गंधक किती ते सांगतं. भट्टीवरची माणसं तोवर खोळंबलेली असतात. फोन येतो, "मॅडम, कार्बन बोला." मी बोलते आणि पुढचं काम हलतं.

सुरुवातीला हलायचं नाही. मी आकडा सांगितला की पलीकडून, "बरं, जरा सरांना द्या," असं यायचं. सर म्हणजे माझ्यानंतर लागलेला, माझ्याहून लहान मुलगा. तो बिचारा माझाच आकडा त्याच्या जाड आवाजात पुन्हा सांगायचा आणि भट्टीला तो लगेच पटायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "पगार तुला नको, तुझ्या घशाला द्यायला पाहिजे." तो हसला. मला काही हसू आलं नाही. आता तसं होत नाही. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले तसा माझा कार्बनही लोकांना बरोबर वाटायला लागला.

यंत्र एवढं सगळं करतं, तरी भट्टी थंड करायच्या पाण्यात क्षार किती आहेत ते आम्ही अजून हातानेच तपासतो. उभी काचेची नळी, तिच्या तळाला तोटी, खाली चंबू. थेंब थेंब सोडायचा आणि लाल रंग निळा कधी होतो ते बघत राहायचं. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. साहेबांना वाटतं मी फार काटेकोर आहे. खरं तर त्या वेळी मला माझ्या मैत्रिणीची आठवण येते आणि ती मला हवी असते. दिवसभरात तिला एवढाच वेळ मिळतो.

परतूरला अकरावी सायन्सला आम्ही एका टेबलावर आलो. आमच्या प्रॅक्टिकलला एक रीत होती. ती कुणी घालून दिली नव्हती आणि कुणी मोडतही नव्हतं. एका टेबलावर चौघं असायची. मुलं उपकरणं धरायची आणि मुली आकडे लिहायच्या. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही," एवढं म्हटलं की मुलगी खूश होऊन पेन उघडायची. असं करत करत दोन वर्षं चंबूला हात न लावता बारावी झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आम्हा दोघींचे प्रवेश उशिरा झाले होते. सर चौघाचौघांचे गट पाडत शेवटी आले तेव्हा आम्ही दोघीच उरलो. "तुम्ही बसा तिकडं बेसिनपाशी," सर म्हणाले. आमच्या टेबलावर धरायला मुलगाच नव्हता, म्हणून आम्हीच धरायला लागलो. माझ्या नशिबातली सगळ्यात मोठी लॉटरी ती.

तिच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, स्टेशन रोडला. जळालेल्या पाणमोटारी यायच्या, तिचे वडील, मी त्यांना चाचा म्हणायची, त्यांची जुनी तार काढून नवी भरायचे. ती लहानपणापासून तांब्याची तार गुंडाळत मोठी झालेली. घरी उर्दू, शाळा उर्दू, बोलायला मराठी पक्की. इंग्रजी पुस्तकात मात्र आम्ही दोघी सारख्याच गटांगळ्या खायचो. माझ्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती विकून शेती धरली. आमच्या सात पिढ्यांत कुणी रसायन म्हणून काही पाहिलं असेल तर ते मेंढरांच्या जंताचं औषध.

ती डाव्या हाताने तोटी फिरवायची, उजव्या हाताने चंबू हलवायची. मी घाई केली की म्हणायची, "जल्दी कशाला करून राह्यली गं? त्याला बिलकुल घाई न्हाई. येतो रंग, येऊ दे." आणि अगदी फिका गुलाबी रंग यायचा, येऊन टिकायचा. बाकीच्या टेबलांवर एकतर पांढरं पाणी नाही तर जांभळाचं सरबत. मला हात कसा धरायचा ते तिनेच शिकवलं. माझ्या हातात आज जे काही आहे ते तिचं आहे, असं मी उगाच म्हणत नाही.

बारावीनंतर जालन्याला बी.एस्सी. करायचं आम्ही ठरवलं. आता आमच्याकडे मुलीला एकटीला पाठवत नाहीत, सोबत लागते. अण्णा म्हणाले, "चाचाची पोर जाऊन राह्यली न्हवं? मंग जा." चाचा तिला म्हणाले, "वो जा रही ना? फिर तू भी जा बेटा." दोन्ही घरं एकमेकांच्या मुलीवर टेकलेली होती. आम्हाला त्याचं फार हसू यायचं. नीट पाहिलं तर हसण्यासारखं काही नव्हतं, कारण एक सरकली की दुसरी पडणार होती.

प्रवेशाला चाचाच आम्हा दोघींना घेऊन गेले. टेबलामागे एक गृहस्थ होते. त्यांनी तिचे मार्क पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "लॅबमध्ये हे बुरखे-बिरखे चालत नाहीत हां. गॅसवर पेट घेतील, मग आम्ही बघायचं का? तुम्ही आर्ट्सला टाका हिला. नाही तरी तुमच्यात कुठं शिकवतात पुढं." रांगेत कुणीतरी हसलं. ती सांगत होती की लॅबमध्ये मी बुरखा काढून अॅप्रन घालते, ओढणी घट्ट बांधते, दोन वर्षं तेच केलं. तिचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. परतूरला दोन वर्षांत तिचं काहीही पेटलं नव्हतं. पेटली होती ती शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाच्या शर्टाची बाही, आणि त्यावर कुणाला कसलाही नियम सुचला नव्हता.

माझ्याही डोक्यावर ओढणी होती, उन्हासाठी घेतलेली. मला त्या गृहस्थांनी एक अक्षर विचारलं नाही. माझा प्रवेश झाला.

चाचांनी तिचे कागद गोळा केले आणि आम्हाला स्टेशनवर आणलं. गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मधेच तिला म्हणाले, "वहाँ रोज सुनना पडेगा. मेरेसे नहीं होगा बेटा." ती म्हणाली, "मैं सुन लूंगी अब्बा." ते म्हणाले, "तू सुन लेगी. मैं कैसे सुनूं?" भला माणूस. दुकानात लोक काय काय बोलून जायचे, ते हसून सोडून द्यायचे. पण मुलीचं त्यांना सोडून देता आलं नाही. मला त्यांचा राग नाही येत. त्या टेबलामागच्या माणसाचा येतो, अजून येतो, तो मेला असला तरी येवो.

आता प्रश्न माझा होता. तिचं राहिलं हे अण्णांना कळलं की माझंही राहणार. काकांनी तर माझ्यासाठी एक स्थळ आणूनच ठेवलं होतं. मी रडत तिच्या घरी गेले. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "अण्णांना सांगू नको. मी येते."

"कुठं येतेस?"

"टेशनात. मी दिसले म्हंजे झालं न्हवं त्यांना?"

चाचांना तिने खरं तेच सांगितलं, की मैत्रिणीला गाडीत बसवून येते. ते नको म्हणाले नाहीत. खोटं फक्त आमच्या घरी होतं.

रोज सकाळी अण्णा मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडायचे. ती तिकीट खिडकीपाशी उभी असायची, बुरख्यात, खांद्याला पिशवी. अण्णा लांबूनच विचारायचे, "आली का गं पोरी? बराबर जा दोघी." ती मान हलवायची. अण्णांची गाडी वळली की आम्ही फलाटावर जायचो. पॅसेंजर यायची, मी घुसून जागा धरायची, ती खालून खिडकीतून माझी बॅग आत द्यायची. मग गाडी सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून प्रश्न. "आज काय हाय? काल रंग कसा आल्ता? किती वेळ टिकला?" मी सांगायची. "मंग तुझी नळी धुतलेली नसंल," ती म्हणायची, आणि ते बरोबर असायचं. पुस्तक मी वाचायची आणि शंका तिला यायच्या. कॉलेजात माझ्या टेबलावर तीन मुलं होती आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या एकाने माझं अक्षर छान असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "माझं अक्षर घाण आहे, नळी इकडं दे." हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खिडकीखाली एवढी हसली की फलाटावरचे लोक बघायला लागले.

गाडी हलली की ती दोन पावलं बरोबर चालायची आणि थांबायची. मी वाकून बघायची. तिचे डोळे तेवढे दिसायचे, तेही थोडाच वेळ.

थंडीत अण्णांनी सोडायला येणं बंद केलं. मी ऑटोने यायला लागले. ती तरीही येत राहिली. मी म्हटलं, आता कशाला उठतेस एवढ्या लवकर? तर म्हणाली, सवय लागली. उन्हाळ्यात तिचं लग्न आष्टीला ठरलं. अण्णांना वाटलं, पोरीनं लग्नापायी कॉलेज सोडलं. "मंग आता एकलीच जाती का तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाते. ते म्हणाले, जा. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे माझं बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं, नोकरी लागली. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. कारखान्यात महिला दिनाला मला बोलायला उभं करतात, कारण उभं करायला फार बायका नाहीत. यंदा मी तिचंच सांगितलं. एक मुलगी स्वतःचं शिक्षण सुटलेलं असताना माझ्यासाठी रोज पहाटे उठून स्टेशनवर येत होती, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे पुसल्यासारखं केलं.

त्यानंतर आठवडाभरातच मी आष्टीला तिच्याकडे गेले. तिच्या नवऱ्याचंही मोटर रिवाइंडिंगचंच दुकान आहे. मागच्या खोलीत तार ती भरते, पुढे गिऱ्हाईक त्याला शाबासकी देऊन जातं. तिने मला सतरंजीवर बसवलं, चहा टाकला आणि आधी कारखान्याचं विचारलं. यंत्र ठिणगीवरून कार्बन कसा ओळखतं ते तिला पुन्हा एकदा ऐकायचं होतं. मी सांगितलं. ती तशीच ऐकत होती, खिडकीखाली उभी राहून ऐकायची तशी, आणि मला एकदम इतकं वाटलं की हिला उचलून माझ्या लॅबमध्ये न्यावं, माझ्या शेजारी उभं करावं, आणि रोज संध्याकाळी बरोबर घरी यावं. बारावीनंतर ते हातातोंडाशी आलं होतं. ते माझं मलाच सहन झालं नाही, म्हणून मी भाषणाचं बोलायला लागले.

"सगळ्यांना सांगितलं मी," मी म्हटलं, "तू माझ्यासाठी रोज यायचीस ते."

ती चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्यासाठी पहिले चार दिवस आल्ते गं," ती म्हणाली. "मंग मी माझीच येत होते. पास काढल्ता मी, जालन्याचा. अब्बांना न सांगता. रोज वाटायचं, आज चढते. कॉलेजात कोण काय म्हणंल ते म्हणू दे, चढते आन् जाऊन बसते. गाडी हलायची आन् मी म्हणायची, उद्या."

मी विचारलं, "आणि पास संपल्यावर?"

"मंग दुसरा काढला," ती म्हणाली.